मोरिवलीतला माझा आजार

सोमवार. उल्हासनगरच्या एका खासगी प्रयोगशाळेत माझा नमुना घेण्यात आला आणि अर्जावर आधार कार्डावरचा पत्ता उतरवण्यात आला. जबाबदार : काउंटरवरचे गृहस्थ. मी त्या पत्त्यावर राहत नाही, असे मी त्यांना तीनदा सांगितले होते.

मंगळवार. अहवाल बाधित आला. मी बदलापूरला शिरगावात अंथरुणावर पडलो होतो, पण माझी नोंद अंबरनाथच्या बाजूच्या यादीत झाली. जबाबदार : इकडचे कार्यालय, कारण त्याने मला घेतले नाही, आणि तिकडचे कार्यालय, कारण त्याने मला न पाहता घेतले.

बुधवार. मोरिवलीत माझ्या मालकीच्या खोलीच्या दाराला बांबू आडवे बांधले गेले आणि वर माझ्या नावाचा फलक लागला. आत मी नव्हतो, माझे भाडेकरू होते. जबाबदार : पथकाचे प्रमुख.

गुरुवार ते शनिवार. मी अकरा पत्रे लिहिली. ज्या एका पत्राने बांबू निघाले असते ते लिहिले नाही. जबाबदार : प्रस्तुत लेखक.

त्यापुढचा सोमवार. चार वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी एक स्त्री कारखान्याच्या गेटवर उभी राहू शकली नाही. जबाबदार : वरील सर्व.

कार्यालयांची नावे मी हेतुपुरस्सर लिहीत नाही. तीस वर्षे एका कारखान्यात कामगार अधिकारी म्हणून काढल्यावर मला एवढे कळले आहे की कार्यालयाचे नाव लिहिले की उत्तर द्यायचा माणूस त्या नावामागे जाऊन बसतो. मला माणूस हवा आहे.

करोनाच्या पहिल्या वर्षातली ही हकिकत आहे. कारखाने पुन्हा सुरू होत होते आणि रोज संध्याकाळी रुग्णसंख्येचा आकडा जाहीर होत असे. आमच्या सोसायटीत लोक त्या आकड्याकडे पूर्वी क्रिकेटच्या धावफलकाकडे पाहत तसे पाहू लागले होते. पलीकडच्या गावचा आकडा चढला की चेहरे उजळत. आपला चढला की चाचण्यांच्या अचूकतेविषयी शंका निघत.

आता मोरिवलीच्या खोलीविषयी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, कारखाना पायी गाठता यावा म्हणून, ती मी घेतली. पुढे शिरगावात फ्लॅट झाला आणि आम्ही बदलापूरकर झालो. कागद मात्र मागेच राहिले. आमच्या पिढीत अंबरनाथहून बदलापूरला आलेल्या बहुतेकांनी असेच केले आहे. माणूस इकडे, आणि आधार, शिधापत्रिका, मतदान सगळे तिकडे. कोणी आळसाने ठेवले, कोणी ओळखीच्या रेशन दुकानदारासाठी. मी विचारपूर्वक ठेवले. जागेवर आपला ताबा दाखवायचा तर त्या पत्त्यावर आपले कागद असावेत आणि भाडेकरूचे एकही नसावे, असा माझा कायदेशीर हिशोब होता. भाडेकराराची नोंदणी बंधनकारक आहे हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच केली नाही.

खोलीत एक नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी राहत होती. नवरा मंडप डेकोरेशनच्या कामाला जाई. लग्ने आणि उत्सव बंद झाल्यापासून तो घरीच होता. बायको औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंगला, ठेकेदारामार्फत. मी तिला ताई म्हणतो, ती मला काका. ती बौद्ध कुटुंबातली, घरात वाचनाची सवय असलेली. पोटमाळ्यावर राज्यघटनेची मराठी प्रत वर्तमानपत्राचे वेष्टन घालून ठेवलेली मी पाहिली आहे. तिने तीन वेळा माझ्याकडे पत्त्याच्या पुराव्यासाठी संमतीपत्र मागितले होते.

"काका, दोन ओळी लिहून द्या ना. गॅसवाला पण पत्ता मागतो. आम्ही काय असे हवेत राहतो का?"

"करार झाला की बघू," असे मी तिन्ही वेळा म्हणालो. करार माझ्याच कपाटात कोरा पडला होता.

प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनाही मी दोष देतो, पण तो माझ्या कपाटातल्या त्या कोऱ्या करारानंतर. ते म्हणाले, "अंकल, आधार में जो है वही जाएगा. आप बोलोगे चाँद पे रहता हूँ, तो मैं चाँद लिखूँ क्या?"

मी म्हणालो, "राहण्याचा पत्ता आणि ओळखपत्राचा पत्ता या दोन स्वतंत्र बाबी आहेत."

"साईं, पीछे लाइन देखो."

मागे खरोखरच मोठी रांग होती. मी अंगात ताप घेऊन रिक्षात बसलो.

बुधवारी संध्याकाळी ताईचा फोन आला.

"काका, तब्येत कशी आहे?"

"ठीक आहे. तुला कसं कळलं?"

"दारावर तुमचं नाव लावलंय ना. बांबू मारलेत. चौदा दिवस कोणी बाहेर यायचं नाही म्हणाले. मी बोलले, ते इथे राहतच नाहीत. तर म्हणतात, मग तुम्ही कोण? पुरावा दाखवा."

पुरावा तिच्याकडे नव्हता. का नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

"काका, माझं फक्त सोमवारचं बघा. कंपनी ठेकेदाराच्या बायकांतून सहा जणींना कायम करतेय. सोमवारी सकाळी ज्या गेटवर उभ्या, त्याच मस्टरवर. चार वर्षं थांबलेय मी. सोमवार गेला तर गेला."

"सोमवारच्या आत काढायला लावतो," मी म्हणालो. आवाज घोगरा होता, पण त्यात अधिकार होता. त्याच आवाजात मी एके काळी लोकांना कारणे दाखवा नोटिसा वाचून दाखवीत असे.

गुरुवारी लेखन सुरू झाले. पत्नीने मला आतल्या खोलीत ठेवले होते आणि ताट दाराशी सरकवत होती. मी पत्र लिहायचे, मोबाइलने त्याचे छायाचित्र काढायचे आणि पाठवायचे. इकडच्या कार्यालयास लिहिले की सदर रुग्ण आपल्या हद्दीत आजारी असून आपण त्याची दखल घ्यावी. तासाभरात उत्तर आले, आणि एवढ्या तत्परतेने मला कोणत्याही कार्यालयाने आजवर उत्तर दिलेले नव्हते : "आपले नाव आमच्या यादीत नसल्याने आपण आमचे रुग्ण नाही. लवकर बरे व्हा."

तिकडच्या कार्यालयाचे उत्तर अधिक सविस्तर होते. माझी प्रकृती स्थिर होती. मोरिवलीतील राहत्या घरी पथक दररोज भेट देत होते, प्राणवायूची पातळी उत्तम होती आणि रुग्ण सहकार्य करत होता. मी ते दोनदा वाचले. इतका निरोगी मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

मी ताईला फोन केला. ती हसली. त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच.

"अहो, ते मिस्टरांच्या बोटाला मशीन लावतात. खिडकीतून. विचारतात, बाबा, कसं वाटतंय? मी म्हटलं, कागदावर अडुसष्ट वय आहे, हा माणूस बघा. तर म्हणतो, मास्कमध्ये काय कळतंय ताई."

"आणि तुझे मिस्टर काय म्हणाले?"

"ते म्हणाले, बरं वाटतंय. काय म्हणणार?"

दरम्यान आमच्या सोसायटीत सार्वजनिक चर्चा चालू होती. संध्याकाळी सहा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या अंतराअंतराने मांडल्या जात आणि साथीचा विचार होई. मला ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ऐकू येई. तीन पक्ष होते. निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा पक्ष म्हणे, सगळे बंद करा. त्यांचे निवृत्तिवेतन चालू होते. तळमजल्याच्या किराणा दुकानदाराचा पक्ष म्हणे, सगळे उघडा. चिटणीसांचा पक्ष मध्यममार्गी होता : चाचण्या बंद करा.

"आज आपला आकडा उतरला," चिटणीस मोबाइल उंचावून म्हणाले. "आलेख बघा. कसा खाली आलाय!"

"चाचण्या किती झाल्या ते बघा ना आधी," बँकवाले म्हणाले. "कमी मोजलं तर कमीच येणार. काटा खाली धरून वजन कमी झालं म्हणता तुम्ही."

"माझ्या काट्याचा काय संबंध?" दुकानदार उसळले.

"तुमच्या नाही हो, उदाहरण देतोय."

"उदाहरण पण दुसऱ्याच्या काट्याचं द्या. तुम्ही घरात बसून पेन्शन खाता, आम्ही शटर खाली करून काय खायचं? आकडा उतरला ना? मग उघडा!"

"आणि आपले वरचे साहेब? ते धरलेत का त्यात?"

"ते नाही धरायचे," चिटणीस म्हणाले. "ते अंबरनाथचे."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. "मी इथे आहे!" मी ओरडलो. "आपल्या आलेखात दोष आहे! बाधितांचे प्रमाण चाचण्यांच्या संख्येशी ताडून पाहिल्याशिवाय उतार सिद्ध होत नाही, आणि मी—"

सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

"काका, आत जा!" चिटणीस ओरडले. "तुम्ही इथे आहात हो, पण आमच्यात नाही!"

मोजणीपुरता मी अंबरनाथचा होतो. कचरा उचलायचा, दूध द्यायचे, जिन्याने उतरायचे म्हटले की मात्र मी पक्का बदलापूरचा रुग्ण होतो आणि आमच्या मजल्यावर कोणी फिरकत नसे. हा विरोधाभास मी सातव्या पत्रात मुद्देसूद मांडला आहे.

शुक्रवारी तिकडच्या कार्यालयातल्या एका लिपिकाने मला फोन केला. या सर्व प्रकरणात समंजस म्हणावा असा हा एकच माणूस, म्हणून त्याचे बोलणे जसेच्या तसे देतो.

"साहेब, तुमची पत्रं मिळाली. सगळी. पण रेकॉर्डप्रमाणे तुम्ही मोरिवलीत आहात. आता तुम्ही म्हणताय बदलापुरात आहे, म्हणजे तुम्ही विलगीकरण मोडून पळालात. गुन्हा दाखल होतो यात."

"खुशाल दाखल करा. निदान गुन्हा तरी योग्य पत्त्यावर दाखल होईल."

"ऐका ना साहेब. सोपं आहे. साध्या कागदावर लिहा, की या खोलीत मी राहत नाही, हे हे कुटुंब राहतं, एवढ्या वर्षांपासून. सही करा, फोटो पाठवा. पथकाला मी सांगतो. उद्या बांबू काढून टाकतील."

"एवढंच?"

"एवढंच. स्टँपपेपर पण नको."

"पाठवतो," मी म्हणालो.

आणि मी कागद घेतला. "मी खाली सही करणार" इथपर्यंत लिहिले. पुढचे वाक्य म्हणजे त्या कुटुंबाच्या वास्तव्याची माझ्या हस्ताक्षरातली कबुली होती. मी वर्षानुवर्षे जो पुरावा तयार होऊ दिला नव्हता, तो सरकारी दप्तरी मीच दाखल करणार होतो. पुढे दावा उभा राहिला तर तोच कागद माझ्यासमोर धरला जाईल. मी तो कागद पालथा ठेवला आणि आठवे पत्र लिहायला घेतले. ते वरिष्ठांना होते. त्यात रहिवासाची व्याख्या काय असावी याची तीन पानी चर्चा होती आणि माझ्या मते ती उत्तम उतरली होती. शनिवारी आणखी तीन लिहिली. त्यातले एक वर्तमानपत्राच्या संपादकांना. त्यांनी ते काटछाट करून छापले, आणि छापताना ताईचा परिच्छेदच गाळला. राहिली ती फक्त आकडेवारीच्या पद्धतीवरची माझी टीका. त्यावर चार जणांनी वाद घातला. बाधितांची टक्केवारी खरी की एकूण संख्या खरी, निर्बंध आधी की चाचण्या आधी. बांबू तिथेच होते.

रविवारी दुपारी पत्नी दाराबाहेर स्टुलावर बसली. आमचे सगळे बोलणे त्या दिवसांत दारातूनच होई.

"अहो, किती पत्रं झाली?"

"अकरा."

"त्यात त्या मुलीचं कुठलं?"

"सगळीच तिच्यासंबंधी आहेत."

"तसं नाही. तो ऑफिसातला माणूस म्हणत होता ते. मी ऐकलं शुक्रवारी, स्पीकरवर होता तुमचा फोन. भिंती काय जाड आहेत आपल्या?"

"ते पत्र कायद्याच्या दृष्टीने धोक्याचं आहे."

"कुणाला धोका?"

मी पालथा ठेवलेला कागद सुलटा केला.

"ती काय खोली पदरात बांधून नेणार आहे?" पत्नी म्हणाली. "उद्या सोमवार आहे. आणि तुम्ही लोकांना विचारताय की बांबू कोणी बांधले!"

मी ते पत्र संध्याकाळी पाठवले. पाच ओळींचे झाले. लिपिकाने लगेच लिहिले, "आता उद्या, साहेब. आज सुट्टी." सोमवारी त्या कार्यालयातच एक कर्मचारी बाधित निघाला आणि औषध फवारणीसाठी ते दिवसभर बंद राहिले. मंगळवारी सकाळी बांबू निघाले.

ताई तशीच गेटवर गेली. सहा जणी सोमवारीच मस्टरवर चढल्या होत्या. तिच्या जागी जिला घेतले ती ठेकेदाराकडे येऊन वर्षही झाले नव्हते. पण ती उभी होती. सुपरवायझर म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी बघू." ठेकेदाराने तिला त्याच दुपारी पुन्हा पॅकिंगच्या टेबलाला लावले.

तिने रात्रीपर्यंत मला कळवले नाही. दुसऱ्या दिवशी मीच विचारले.

"मी शुक्रवारी पथकाकडून नंबर घेऊन त्या ऑफिसातल्या माणसाला फोन केला होता, काका," ती म्हणाली. "तो बोलला, कागद तुमच्याकडून यायचाय. शनिवारभर, रविवारभर फोन हातात घेऊन बसले. तुम्हाला नाही केला. म्हटलं, आजारी माणूस आहे, कशाला त्रास."

एवढे बोलून तिने माझा ताप उतरला का ते विचारले.

पुढे माझी मोरिवलीत बरे झाल्याची नोंद झाली आणि तसे प्रमाणपत्र त्या खोलीवर गेले. 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल' त्यात माझे अभिनंदन होते. ताईने त्याचा फोटो मला पाठवला.

प्रवास मोकळा झाल्यावर मी संमतीपत्र आणि नोंदणीसाठी भरलेला करार घेऊन मोरिवलीला गेलो. ते मी घरात बसून शांतपणे देणार होतो. ताईने दारातच उभे केले. नळाला पाणी आले होते, गल्ली भरलेली होती.

"आता दिलात, काका. आधी का नाही दिलात? सगळ्यांसमोर सांगा. फलक पण सगळ्यांसमोरच लागला होता."

मी तीस वर्षे लोकांकडून लेखी खुलासे घेतले आहेत. तोंडी खुलासा द्यायची ही माझी पहिलीच वेळ होती.

"तुम्ही खोली बळकावाल अशी मला भीती होती," मी म्हणालो.

कोणीतरी नळ बंद केला. शेजारची म्हातारी हंड्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"ही? ही बळकावंल?" ती म्हणाली. "अरे, चार वर्सांत तुला इचारल्याबिगर एक खिळा नाय ठोकला हिनं भितीत. कॅलेंडर पन खिडकीला बांधलीय सुतळीनं."

मी खिडकीकडे पाहिले. तशीच होती. मी ताईची माफी मागितली, तीही मोठ्याने. तिने कागद घेतले, नीट वाचले, तारीख तपासली आणि म्हणाली, "चहा घेऊन जा." मी घेतला.

हे सर्व जुने झाले, असे मला अनेकांनी सांगितले. जुने झालेले नाही. ताई आजही ठेकेदाराकडेच आहे. कंपनीने त्यानंतर कोणाला कायम केलेले नाही. आणि आमच्या विभागाने साथ कशी थोपवली याची एक रंगीत पुस्तिका अलीकडेच सोसायटीच्या टपालपेटीत आली. मधल्या पानावर आलेख आहे. त्या आठवड्यात रेषा खाली येते आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत 'नागरिकांची शिस्त' असे लिहिले आहे. मी चष्मा लावून ती उतरती रेषा पाहिली. तिच्यात किती जण माझ्यासारखे दुसऱ्या गावच्या पत्त्यावर ढकललेले आहेत, हे पुस्तिका सांगत नाही. बाकी मंडळी पार्किंगमध्ये अजूनही भांडतात. आता एक नवा पक्ष निघाला आहे. त्याच्या मते साथ नव्हतीच, सगळे आकडे फुगवलेले होते. जुने पक्ष त्यांना आलेख दाखवतात.

म्हणून ज्या गृहस्थांच्या सहीने त्या आठवड्याची तिकडची यादी निघाली, आणि ज्यांना त्या आठवड्यापासून आजवरची माझी चौतीस पत्रे पोचल्याच्या पावत्या माझ्याजवळ आहेत, त्यांना हे उद्देशून लिहीत आहे. आपण आता निवृत्त झाला आहात, हे मला माहीत आहे. मीही निवृत्तच आहे. त्याने काही फरक पडत नाही. आपले उत्तर मला टपालाने नको, माहिती अधिकारात नको, पुढच्या पुस्तिकेतही नको. येत्या कोणत्याही रविवारी सकाळी, नळाला पाणी येते त्या वेळी, मोरिवलीच्या त्या गल्लीत या. ताई घरी असते. तिच्या दारासमोर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिला सांगा : रुग्ण त्या खोलीत नाही हे गुरुवारी लेखी कळल्यावर सोमवारपर्यंत तिचे दार कोणाच्या निर्णयाने बंद ठेवले, आणि तिची गेलेली जागा तिला परत मिळावी म्हणून कंपनीला आपण आजवर एक ओळ तरी का लिहिली नाही? उत्तर द्या.